एका ॲपपुरताच शॉर्टकट बदलायचाय: आय-थ्री, ऑसम, एक्सरिमॅप की कीडी?

टर्मिनलमध्ये कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सीची सवय लागली की बोटं फायरफॉक्समध्येही तेच दाबतात आणि तिथे डेव्हलपर टूल्स उघडतात. हा शॉर्टकट फक्त फायरफॉक्समध्ये कंट्रोल-सी व्हायला हवा. लिनक्सवरचे चारही मार्ग याच उदाहरणावर ताडून पाहू: आय-थ्री आणि ऑसम हे खिडक्या मांडणारे विंडो मॅनेजर, तर एक्सरिमॅप आणि कीडी हे एका कीची दुसरी की करणारे प्रोग्रॅम.

आय-थ्रीत बाइंडिंग, म्हणजे कोणती की दाबल्यावर काय व्हावं हा नियम, सगळ्या खिडक्यांना लागू होतं. समोर फायरफॉक्स आहे का, हे स्क्रिप्टने तपासता येतं, पण तोवर आय-थ्रीने दाबलेली की गिळलेली असते. टर्मिनलसाठी तीच की एक्सडूटूलने (बनावट की दाबणारं साधन) परत पाठवावी, तर ती पुन्हा आय-थ्रीच पकडतो आणि स्क्रिप्ट गोल फिरत राहते. थेट खिडकीला पाठवली, तर एक्सटर्मसारखी टर्मिनलं अशी बनावट की मुळात घेतच नाहीत. या कामासाठी आय-थ्रीशी झगडू नका.

ऑसममध्ये की एकेका खिडकीला जोडता येते, त्यामुळे टर्मिनलला धक्का लागत नाही. रचना फार सुंदर आहे. मात्र लुआ भाषेत कोड लिहावा लागतो, कंट्रोल-सी पाठवण्याआधी दाबलेलं शिफ्ट कोडमधूनच सोडवावं लागतं, आणि सगळं फक्त एक्स-इलेव्हन या जुन्या डिस्प्ले यंत्रणेवर. उबुंटूने 25.10 पासून ग्नोम या डेस्कटॉपचं एक्स-इलेव्हन सेशन काढलंय, हेही ध्यानात असू द्या.

एक्सरिमॅप विंडो मॅनेजरच्या खाली, थेट कीबोर्डपाशी काम करतो. यॅमल नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये ॲपचं नाव आणि कोणत्या कीची कोणती की करायची ते लिहायचं. शिफ्टची काळजी तोच घेतो. एक्स-इलेव्हनच्या जागी आलेल्या वेलँडवरही चालतो, फक्त आपल्या डेस्कटॉपचं बिल्ड निवडावं लागतं आणि ग्नोमवर एक एक्स्टेन्शन लागतं. खरी अडचण परवानगीची. रूट (प्रशासकाचे पूर्ण अधिकार) तरी हवं, नाहीतर इनपुट ग्रुपमध्ये जावं लागतं. आणि त्या ग्रुपमध्ये गेलात की तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम तुमचे पासवर्डसुद्धा टिपू शकतो. हिंजवडीतल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर सुडो (प्रशासक म्हणून आज्ञा चालवायची मुभा) नसेल तर हा मार्ग बंदच, आणि कीडीचाही.

कॅप्स लॉकचं एस्केप करण्यासारख्या सरसकट बदलांना कीडी उत्तम. ॲपनिहाय नियमांसाठी मात्र वेगळी फाइल आणि वेगळा मॅपर चालू ठेवावा लागतो.

घरच्या मशीनवर मी डोळे झाकून एक्सरिमॅप सुचवेन. सुडो नाही, पण ऑसम आधीच बसवलेला आहे, तर ऑसम.

अप्पा बळवंत चौकात इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी मजकूर जुळवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. स्वे हा वेलँडवरचा आय-थ्रीसारखा विंडो मॅनेजर साध्या बाइंडिंगमध्ये चालू लेआउटचं अक्षर पाहतो. मराठी चालू असताना सीच्या जागी 'म' येतो आणि शॉर्टकट लागत नाही. बाइंडिंगला 'टू-कोड' पर्याय जोडला की लागतो. आय-थ्रीत लेआउटच्या यादीत इंग्रजी पहिलं ठेवलं की भागतं. एक्सरिमॅप प्रत्यक्ष की पाहतो, त्यामुळे भाषा कुठलीही असो, नियम लागतो.

नियमात ॲपचं नाव अंदाजाने लिहू नका: एक्स-इलेव्हनवर एक्सप्रॉप ही आज्ञा चालवून खिडकीवर क्लिक करा, क्लास दिसेल, स्वेत गेट-ट्री या आज्ञेने येणाऱ्या यादीत ॲप-आयडी मिळेल.