सत्तावीस मापं घेऊन घातलेली टोपी

आधी आकडा सांगतो म्हणजे पुढं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. गणपतीच्या देखाव्यातल्या एका चिलखतापायी २७,७०० रुपये गेले. माझे असते तर गप्प बसलो असतो, पण मंडळाचे होते, म्हणजे वर्गणीचे, आणि कोल्हापुरात वर्गणीचा हिशोब द्यायचा म्हणजे काय असतं ते इथल्यांना सांगायला नको.

झालं असं, चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, त्या वर्षी आमचा देखावा आधीच ठरलेला होता त्यामुळं पोरं हळहळली, आणि पुढच्या वर्षी म्हणजे २०२४ ला सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की सजीव देखावा करायचा, 'चंद्रावरची तालीम'. शंभर वर्षांनी कोल्हापूरकर चंद्रावर गेले तर पहिलं काय बांधतील, तालीमच की. मग त्या तालमीच्या दारात एक अवकाशातला पहारेकरी पाहिजे, अंगावर पूर्ण चिलखत, डोक्यात काचेचं हेल्मेट, छातीवर लाईट. आत आमचा पैलवान. खरा पैलवान हो, छाती अठ्ठेचाळीस इंच, मान आणि डोकं एकाच मापाचं. राजारामपुरीतले तांत्रिक देखावे बघायला जिल्ह्यातनं माणसं येतात, त्यांच्यापुढं आपलं काहीतरी वेगळं दिसावं एवढीच हौस.

मी गोकुळ शिरगावला एका कारखान्यात व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, प्रोग्रॅमिंग करतो, म्हणून चिलखताचं काम माझ्या गळ्यात. मी म्हणलं घरी बनवूया, पण आमचे अध्यक्ष म्हणले उगं घरगुती दिसायला नको, प्रोफेशनलकडून घेऊ. मोबाईलवर शोधता शोधता एक पुण्याचा म्हणवणारा सापडला. फोटो बघून तोंडात बोटं घातली आम्ही. वर्कशॉप, भिंतीला टांगलेली हेल्मेटं, टेबलावर अर्धवट रंगवलेले खांदे. ईव्हीए फोम आणि थ्रीडी प्रिंट वापरून पूर्ण सूट ३८,००० म्हणाला. आमच्यातल्या एकानं घासाघीस केली तर म्हणला, "दादा, क्वालिटी पाहिजे का स्वस्त पाहिजे?" झालं, कोल्हापूरकराला असं विचारल्यावर तो काय म्हणणार.

आता यातली खरी मेख सांगतो. माणूस पैसे मागण्याआधी मापं मागत होता. लांबलचक तक्ता पाठवला, सत्तावीस मापं. डोक्याचा घेर कपाळावरनं, हनुवटी ते टाळू, खांदा ते खांदा मागनं, खांदा ते कंबर उभं आणि बसून वेगळं, दंड सैल आणि दंड फुगवून, मनगट, मांडी, गुडघ्याच्या वर चार बोटं, पोटरी. आम्ही तालमीत पैलवानाला लंगोटावर उभं करून टेप लावून मापं घेतली, प्रत्येक मापाचा फोटो काढून पाठवला. एक माप त्यानं परत मागितलं, म्हणला दंडाचा फोटो क्लिअर नाही. मला एवढं बरं वाटलं! कारखान्यात दहा मायक्रॉनसाठी जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, रिजेक्ट करणारा मी, मला मापात काटेकोर माणूस दिसला की अर्धा विश्वास तिथंच बसतो. इतकी मापं घेणारा फसवेल असं मनातसुद्धा आलं नाही. शिंप्याकडं कापड टाकल्यावर तो माप घेतो म्हणजे शिवणार असं आपण धरतोच ना, तसंच.

आषाढी एकादशी झाली त्याच आठवड्यात १२,००० दिले. तीन-चार दिवसांनी ८,००० फिलामेंटचे, म्हणजे थ्रीडी प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेचे, म्हणला पैलवानाची साईज मोठी आहे, रोल जास्त लागणार. तेही पटलं, कारण साईज मोठी आहेच. पहिले पैसे एका नावावर गेले, दुसरे एका बाईच्या नावावर. विचारलं तर म्हणला माझ्या खात्याची लिमिट संपली, बहिणीचं आहे. मी पुढं विचारलं नाही. कुणाच्या बहिणीबद्दल जास्त कशाला विचारायचं, असं आपलं वळण. (आमच्या खजिनदारानं तेव्हाच भुवई वर केली होती, हे त्यानं नंतर मला किमान चाळीस वेळा सांगितलंय.)

मग जुलैअखेर पाऊस. पंचगंगेनं ४३ फुटाची धोका पातळी ओलांडली, निम्मं मंडळ पूरग्रस्तांची भांडी-कुंडी उचलायला, चिलखताकडं लक्ष द्यायला कुणाला सवड. त्या गड्यानं बातम्या बघितल्या असणार, कारण आम्ही विचारायच्या आधीच त्याचा मेसेज, "तुमच्याकडे पूर आहे ना, काळजी घ्या, कुरिअर बंद आहे तोवर मी फिनिशिंग करतो." बघा म्हणजे. आमच्या पुराचा पण त्यानं वापर करून घेतला, आणि आम्ही वर त्याला थँक्यू म्हणलं.

ऑगस्टमध्ये ४,५०० हेल्मेटच्या काचेचे, तिसऱ्याच नावावर. व्हिडिओ कॉल लाव म्हणलं की प्रिंट चालू आहे, मशीनचा आवाज आहे, नेट नाही. एकदा प्रिंटरचा फोटो पाठवला आणि लिहिलं हेल्मेट सिंगल पीस निघतंय, जोड नाही. आता इथं मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. फोटोतलं मशीन घरगुती छोटं होतं, त्या टाईपच्या मशीनचा बेड २२० बाय २२० मिमी असतो आणि उंची २५० मिळते, हे मला माहीत होतं. आमच्या पैलवानाच्या डोक्याचा घेर ६० सेंमी, त्यावर आत गादी, बाहेर भिंत, पुढं काच, म्हणजे हेल्मेट पुढून मागं ३०० च्या आत बसणारच नाही. टेबलापेक्षा मोठा जॉब टेबलावर बसत नाही हे मी रोज पोरांना शिकवतो. पण तोवर २४,५०० गेले होते, आणि एवढे गेल्यावर डोकं वेगळंच चालतं, चूक दिसली तरी आपणच तिच्यावर पांघरूण घालतो, कारण नाहीतर उठून अध्यक्षांना सांगावं लागतं.

शेवटचे ३,२०० कुरिअर इन्शुरन्सचे. परत मिळणार होते म्हणे.

दहीहंडीच्या आदल्या दिवशी खोका आला, मोठा, हलका. हलका होता तेव्हाच पोटात गोळा आला. उघडल्यावर आत चंदेरी स्प्रे मारलेले फोमचे तुकडे, छाती, पाठ, चार नळकांडी, आणि एक हेल्मेट. हेल्मेट खरंच सिंगल पीस होतं, कारण ते सहा वर्षांच्या पोराच्या डोक्याचं होतं. पैलवानानं डोक्यावर ठेवलं तर उपड्या वाटीसारखं बसलं. तालमीत दोन मिनिटं कुणी हसलं नाही, मग वस्ताद हसले, मग सगळेच. मी सोडून.

त्याला फोन केला तर गडी शांत. "दादा, तुम्ही दिलेल्या मापाप्रमाणेच आहे, तुमचीच मापं चुकली." सत्तावीस मापं कशासाठी होती ते तेव्हा कळलं. ती चिलखतासाठी नव्हतीच, आमच्याच अंगावर ढकलायला होती. काहीतरी खोक्यात घालून पाठवायचं म्हणजे माल पोचला, आणि भांडण मापाचं. दुसऱ्या दिवशी त्यानं ब्लॉक केलं.

खोक्यातली छाती घेऊन मी पापाच्या तिकटीला गेलो, तिथं ओळखीचे एक काका चपला करतात, म्हणलं निदान पट्टे तरी लावून मिळतील. काकांनी तुकडा हातात घेतला, अंगठ्याचं नख दाबलं, नख आत गेलं ते परत वर आलंच नाही. म्हणाले, "ह्यो पॅकिंगचा फोम हाय रं. टीव्हीच्या खोक्यात येतोय त्यो. ह्येला सोल्युशन पण धरत न्हाई." मग आतनं एक काळी शीट आणली, चपलेच्या सोलची. "नख लाव." लावलं, दबलं आणि परत वर आलं. तीच ती ईव्हीए शीट, जिच्या नावानं त्या पुणेकराला हजारो रुपये दिले. गावात चपलेच्या सोलसाठी, जिमच्या मॅटसाठी सगळीकडं असते. हीट गन मारली तर ईव्हीए वाकतं, गार झाल्यावर तोच आकार धरून ठेवतं आणि वरचा पापुद्रा बंद होऊन थोडी चकाकी येते, रंग त्यावर बसतो. आमच्या खोक्यातल्या फोमला हीट गन दाखवली तर दूध फाटावं तसा गोळा झाला. कुणाला असलं काही घ्यायचं असेल तर आधी हातभर तुकडा मागवा, नख लावा, गरम करून बघा. फोटोवर जाऊ नका.

काका वर म्हणाले, "मर्दा, हितं यायचं सोडून पुण्याला कशाला गेलास?" उत्तर नव्हतं.

बाप्पा ७ सप्टेंबरला, देखावा त्यानंतर चार दिवसांनी खुला करायचा, म्हणजे पंधरा दिवस. घरीच बनवलं. हा भाग थोडक्यात सांगतो, खरं तर यावर तासभर बोलू शकतो. पैलवानाला जुना टीशर्ट घालून वरनं पॅकिंगचा प्लास्टिक रोल गुंडाळला, त्यावर चिकटपट्टी, त्यावर मार्करनं रेषा मारल्या आणि कात्रीनं कापून अंगावरनं काढलं, तो झाला पॅटर्न. पहिला दंड घट्ट झाला कारण मी घेराएवढाच तुकडा कापला, १० मिमी जाडीची शीट गुंडाळली की आतला घेर सव्वातीन सेंमीच्या आसपास कमी होतो हे माझ्या डोक्यातनं गेलं, व्हीएमसीवाला असून. पैलवानानं दंड फुगवला आणि जोड फाटकन उघडला. म्हणून दंड फुगवूनच माप घ्यायचं, एवढं एक त्या चोराच्या तक्त्यात खरं होतं. पहिल्या फिटिंगला हात वर होईना, काखेत चंद्रकोर कापली. दुसऱ्या फिटिंगला बसता येईना, मांडीचा मागचा भाग काढून टाकला, मागनं कोण बघतंय. काचेवर वाफ धरायची तर आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा, पॉवर बँकेवर. पट्टे काकांनी चामड्याचे करून दिले, कुंभार गल्लीत मूर्ती रंगवणाऱ्या एका गड्यानं रंग मारला, स्वतःच्या हंगामातनं दोन तास काढून, आणि पैसे घेतले नाहीत. सगळं मिळून ६,४००. भारी दिसलं का? लांबनं लई भारी. जवळनं पैलवानच.

आता तक्रारीचं. १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन केला, पण कधी, खोका आल्यावर, म्हणजे पहिले पैसे गेल्यावर महिन्यानं. तिथल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला आणि म्हणाल्या लगेच फोन केला असता तर पैसे पुढं जायच्या आत बँकेला थांबवता आले असते. पैसे घेणाऱ्या खात्याचं नाव बदललं त्याच दिवशी फोन करायला हवा होता. पोलिसात पण गेलो, पहिला प्रश्न हाच की माल आला का? आला, म्हणलं. मग किती वेळ समजावून सांगावं लागलं की आला म्हणजे काय आला. स्क्रीनशॉट सगळे होते म्हणून निदान घेतली तक्रार. पैसे अजून आलेले नाहीत.

नंतर एका पोरानं त्या वर्कशॉपचे फोटो नेटवर आधी कुठं आलेत ते शोधून बघितलं तर परदेशातल्या एका हौशी कारागिराचे निघाले, कित्येक वर्षांपूर्वीचे. आणि पुरावा पहिल्या दिवसापासून आमच्यासमोर होता. भिंतीवरच्या सॉकेटला दोन चपट्या उभ्या खाचा, अमेरिकेतल्यासारख्या. आपल्याकडं गोल भोकं असतात. आम्ही वीस जणांनी तो फोटो बघितला, त्यात दोन इलेक्ट्रिशियन. सगळे हेल्मेट बघत होते, भिंत कुणी बघितली नाही. आता मी तर सांगतो, कुणीही काम दाखवलं की म्हणा चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिहून त्या वस्तूवर ठेव आणि फोटो पाठव. कारखान्यात प्रत्येक जॉबवर खडूनं नंबर असतो, मग इथं का नको.

वर्गणीचा हिशोब सभेत दिला. निम्मे मी भरले, निम्मे अध्यक्षांनी, न सांगता. ते छोटं हेल्मेट खजिनदारानं उलटं करून टेबलावर ठेवलंय, त्यात पावती पुस्तकं ठेवतो आणि मी आलो की मुद्दाम सरकवतो.

आणि हे सगळं लिहायचं कारण परवाचं. एका पोराला नवीन खातं दिसलं, नाव वेगळं, गाव वेगळं, सूट तेच. 'आमचे समाधानी ग्राहक' म्हणून खाली फोटो, लंगोटावर उभा एक पैलवान, छातीला टेप लावलेली, तोंड कापलेलं. मागं लाल माती आहे, कोनाड्यात मारुती आहे आणि डाव्या कोपऱ्यात टेप धरलेला एक हात दिसतो, मनगटावर जुनं काळ्या पट्ट्याचं घड्याळ. तो हात माझा आहे.