एलएलसी कुठे काढायची, डेलावेअर, वायोमिंग की जिथे राहतो तिथेच? आणि सोबत ट्रेड नेम आणि ऑनलाइन नोटरीचं काय

न्यू जर्सीतलं एडिसन, प्लेन्सबरो, पार्सिपनी, कुठल्याही देसी ग्रुपवर कोणी विचारलं की साइड बिझनेससाठी एलएलसी (लिमिटेड लायबिलिटी कंपनी, म्हणजे धंद्याची देणी सहसा मालकाच्या स्वतःच्या अंगावर येत नाहीत अशी कंपनी) काढायचीये तर पहिलं उत्तर ठरलेलं, "डेलावेअरला काढ, तिकडे टॅक्स नाही". दुसरा लगेच वायोमिंग सुचवतो, का तर तिथे मालकाचं नाव कोणाला दिसत नाही. दोघांचंही अगदीच खोटं नाहीये, पण तुम्ही राहता न्यू जर्सीत, गिऱ्हाईक न्यू जर्सीत, माल तुमच्याच गॅरेजमध्ये, तर या सल्ल्याने खर्च वाढण्यापलीकडे फार काही होत नाही. पुण्या-नाशकात बसून अमेरिकन क्लायंटचं काम करणाऱ्यांचं गणित वेगळं, ते शेवटाकडे लिहितो.

आधी पैशाचं बघू, कारण लोक फक्त काढायची फी बघतात आणि दरवर्षी काय जाणार ते बघतच नाहीत. डेलावेअरला एलएलसी काढायला ११० डॉलर आणि मग दरवर्षी ३०० डॉलर सपाट टॅक्स, धंदा झाला काय नाही झाला काय, १ जूनपर्यंत भरायचा, विसरलात तर २०० डॉलर दंड आणि वर दरमहा दीड टक्का व्याज. वायोमिंगला काढायला १०० आणि वर्षाला किमान ६०. न्यू जर्सीत काढायला १२५ आणि वर्षाला ७५ डॉलरचा अॅन्युअल रिपोर्ट. नुसतं एवढं बघितलं तर वायोमिंग जिंकलं असं वाटतं ना, पण गोम पुढे आहे. धंदा न्यू जर्सीत चालणार असेल तर बाहेरच्या स्टेटची एलएलसी इथेही रजिस्टर करावी लागते, परत १२५, आणि दरवर्षीचे ७५ इथले वेगळे. म्हणजे डेलावेअरवाला वर्षाला ३७५ भरतो आणि वायोमिंगवाला १३५, शिवाय त्या स्टेटमध्ये पत्ता असलेला रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने कोर्टाचे आणि सरकारी कागद घेणारा) ठेवावा लागतो त्याची फी वेगळी, आणि इथे सरळ काढणारा ७५ मध्ये सुटतो, एजंट म्हणून स्वतःच्या घरचा पत्ता दिला तरी चालतो.

काहीजण म्हणतात इथे रजिस्टर नाही केलं तर कोणाला कळतंय. कळत नाही हो, कळतं तेव्हा जेव्हा एखादा क्लायंट पैसे बुडवतो आणि तुम्ही इथल्या कोर्टात जाता, कारण रजिस्टर नसलेली बाहेरची एलएलसी तोपर्यंत इथे दावा चालवूच शकत नाही.

आणि टॅक्सचं म्हणाल तर एका मालकाची एलएलसी टॅक्सच्या दृष्टीने मुळात वेगळी धरतच नाहीत, नफा तुमच्याच रिटर्नमध्ये येतो आणि न्यू जर्सीचा रहिवासी म्हणून तुम्ही न्यू जर्सीला टॅक्स देता, कागद डेलावेअरच्या राजधानीत डोव्हरला फाइल झाला की वायोमिंगच्या शायेनला याने काडीचाही फरक पडत नाही. इथली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, भागीदार दोनपेक्षा जास्त झाले की पार्टनरशिप रिटर्नसोबत माणशी १५० डॉलर फी लागते. नवरा-बायको दोघंच असाल तर नाही लागत, पण मेहुण्याला उगाच पाच टक्के देऊन तिसरा भागीदार केलात की तिघांचे मिळून साडेचारशे दरवर्षी. मेहुण्याला दिवाळीत काहीतरी घ्या, स्वस्तात पडेल.

मग डेलावेअर घ्यायचं तरी कोणी? ज्याला बाहेरच्या इन्व्हेस्टरकडून पैसा उचलायचाय, लोकांना शेअर ऑप्शन द्यायचेत, आणि तोही शक्यतो एलएलसी नाही तर सी-कॉर्पच (शेअर असलेली, स्वतःचा वेगळा टॅक्स भरणारी कंपनी) काढतो. डेलावेअरचं कोर्ट ऑफ चान्सरी १७९२ पासून आहे, तिथे ज्युरी नसते, कंपन्यांची भांडणं जज स्वतः ऐकतात आणि दोनशे वर्षांचे निकाल हाताशी असल्यामुळे वकिलांना केस कुठे जाईल याचा अंदाज असतो, इन्व्हेस्टरला तेच हवं असतं. आता २०२४ मध्ये मस्कच्या पगाराच्या पॅकेजवरचा निकाल विरोधात गेला आणि टेस्लाने आपली नोंदणी टेक्सासला हलवली, त्यावर बरीच चर्चा झाली, पण ती हत्तींची लढाई आहे, फराळाचे डबे विकणाऱ्याने त्यावरून काही ठरवू नये.

वायोमिंगचा खरा फायदा म्हणजे कमी खर्च आणि मालकाचं नाव पब्लिक रेकॉर्डवर न येणं (डेलावेअरमध्येही येत नाही). एलएलसी हा प्रकार अमेरिकेत पहिल्यांदा कायद्यात आणला तो पण वायोमिंगनेच, १९७७ मध्ये. पण तुम्ही न्यू जर्सीत परत रजिस्टर करता आणि बँकेला तर खरा मालक सांगावाच लागतो, त्यामुळे ती गुप्तता किती उरते ते तुम्हीच ठरवा.

शेजारच्या स्टेटबद्दल थोडंसं, कारण जर्सी सिटीतून क्वीन्सला शिफ्ट होणारे विचारतात. न्यूयॉर्कमध्ये काढायला २०० डॉलर, पण तिथे एक अजब नियम आहे, १२० दिवसांच्या आत दोन पेपरात सहा आठवडे जाहिरात द्यायची आणि मग ५० डॉलर भरून त्याचं सर्टिफिकेट फाइल करायचं, आणि मॅनहॅटनमध्ये या जाहिरातीचा खर्च बाकी सगळ्या खर्चापेक्षा जास्त होतो. कॅलिफोर्नियात काढायला फक्त ७० पण दरवर्षी किमान ८०० टॅक्स, छोट्या धंद्याला ते जड जातं. टेक्सासला सुरुवातीला ३०० जातात, नंतर धंदा लहान असेल तर फ्रँचायझी टॅक्स (तिथला कंपन्यांवरचा स्टेट टॅक्स) लागत नाही.

आता ट्रेड नेम, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. एलएलसीचं नाव काहीतरी "एबीसी व्हेंचर्स एलएलसी" आणि बोर्डावर लावायचंय "माहेरची चव", तर ते दुसरं नाव वेगळं नोंदवावं लागतं. न्यू जर्सीत एलएलसी असेल तर ते आल्टरनेट नेम म्हणून स्टेटकडे, ५० डॉलर, पाच वर्षं चालतं. एलएलसी नाही, एकट्याच्या नावावर धंदा आहे तर काउंटी क्लार्ककडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), आणि तो फॉर्म नोटराइज करून द्यावा लागतो. टेक्सासमध्येही २०१९ पासून असंच, कंपन्यांनी स्टेटकडे जायचं आणि एकट्या मालकाने काउंटीकडे, मुदत दहा वर्षांपर्यंत. कॅलिफोर्नियात काउंटीत फाइल करून वर चार आठवडे पेपरात छापायचं.

पण हे सगळं करून नाव तुमचं झालं का? नाही झालं. ही नोंद म्हणजे या नावामागे कोण आहे एवढंच लोकांना कळावं म्हणून आहे, दुसऱ्या कोणी तेच नाव लावलं तर तेवढ्या कागदावर त्याला थांबवता येत नाही. एलएलसीचं नावही फक्त त्या स्टेटच्या यादीत वेगळं असावं लागतं, म्हणजे पेनसिल्व्हेनियात त्याच नावाची दुसरी एलएलसी आरामात निघू शकते. नावावर खरंच जीव असेल तर फेडरल ट्रेडमार्क, जानेवारी २०२५ पासून एका क्लासला ३५० डॉलर. माझं मत विचाराल तर डेलावेअरवर उडवायचे पैसे इथे लावा.

नोटरीकडे येतो. एलएलसी काढायच्या मूळ कागदाला बहुतेक स्टेटमध्ये नोटरी लागतच नाही, ती लागते ट्रेड नेमचा काउंटी फॉर्म, कर्जाचे कागद, जागेचं डीड, पॉवर ऑफ अॅटर्नी अशा ठिकाणी. व्हिडिओवरून नोटरी करायचा कायदा पहिला आणला व्हर्जिनियाने, २०१२ पासून लागू, टेक्सासमध्ये जुलै २०१८ पासून, न्यू जर्सीत ऑक्टोबर २०२१ पासून, न्यूयॉर्कमध्ये ३१ जानेवारी २०२३ पासून. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला खरा पण तिथल्या नोटरींना ते काम प्रत्यक्ष सुरू करायला २०३० पर्यंत वेळ लागू शकतो, तोपर्यंत तिथले लोक दुसऱ्या स्टेटच्या नोटरीकडून करून घेतात आणि ते तिथे चालतं. कारण बसायचं असतं नोटरीने स्वतःच्या स्टेटमध्ये, सही करणारा कुठेही असू शकतो.

अगदी कुठेही म्हणजे भारतात सुद्धा का, तर हो, पण न्यू जर्सीसारख्या स्टेटमध्ये अट अशी की सही करणारा अमेरिकेबाहेर असेल तर कागदाचा अमेरिकेतल्या मालमत्तेशी, कोर्टाशी किंवा व्यवहाराशी संबंध पाहिजे. तुमच्या इथल्या एलएलसीचा कागद असेल आणि पार्टनर कोथरूडमध्ये असेल तर बसतं त्यात. अडचण येते ओळख पटवताना, बऱ्याच साइट तुमच्या अमेरिकन क्रेडिट हिस्टरीवरून प्रश्न विचारतात, आधी कुठल्या पत्त्यावर राहायचात, कार लोन कोणाचं होतं, आणि कोथरूडच्या माणसाची ती हिस्टरीच नसते तर तो उत्तर काय देणार. म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा की नुसत्या भारतीय पासपोर्टवर करता का.

पुण्यात बसून काम करणाऱ्यांनी मुळात एलएलसी लागतेय का हे आधी बघा. क्लायंटला फक्त इनव्हॉइस हवं असेल तर भारतातल्याच प्रोप्रायटरशिपवर (एकट्या मालकाचा धंदा) जीएसटीचं एलयूटी, म्हणजे टॅक्स न भरता एक्सपोर्ट करायचं हमीपत्र, भरून एक्सपोर्ट करता येतं, अर्ध्या लोकांचं काम तिथेच भागतं. तरी काढायचीच असेल तर वायोमिंग ठीक, कारण दुसऱ्या कुठल्या स्टेटमध्ये तुमचं ऑफिसच नाही म्हणजे दोनदा रजिस्टर करणं नाही. ईआयएन (धंद्याचा टॅक्स नंबर) आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून, फुकट मिळतो, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ऑनलाइन नाही मिळत, फॅक्सने फॉर्म एसएस-४ पाठवायचा. आणि दरवर्षी फॉर्म ५४७२ (परदेशी मालकाने आपल्या एलएलसीशी केलेल्या व्यवहारांची माहिती), अमेरिकेत टॅक्स शून्य असला तरी, कारण नाही भरला तर दंड २५,००० डॉलर आहे, ३०० आणि ६० ची तुलना करणारे हे विसरतात. शिवाय भारतात राहून परदेशात कंपनी काढणं म्हणजे फेमाच्या (भारताचा परकीय चलन कायदा) २०२२ च्या नियमांखाली परदेशी गुंतवणूक, पैसे पाठवायच्या आधी बँकेतून फॉर्म एफसी करून नंबर घ्यावा लागतो, तेव्हा पहिली चक्कर सीएकडे.

एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वाल्यांसाठी एवढंच, एलएलसीचा मालक असणं आणि त्या एलएलसीसाठी काम करणं हे इमिग्रेशनच्या नजरेत वेगवेगळं आहे, स्टेट तुमची फी घेताना व्हिसा विचारत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, वकिलाला विचारा. आणि ऑनलाइन नोटरीची सवय लागली म्हणून पुण्याच्या फ्लॅटची पॉवर ऑफ अॅटर्नी पण तशीच करायच्या विचारात असाल तर आधी ज्या सब-रजिस्ट्रारकडे ती जाणार तिथे विचारून घ्या, शाईची सही आणि अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकारने दिलेला दाखला) किंवा कॉन्सुलेटचा शिक्का हाच रस्ता तिथे सुरक्षित, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्यूटी भरायची असते.