विवरांच्या वितरणाचा अभ्यास: कॅनडा, ऑस्ट्रेलिया की बाल्टिक परिसर?

अशनिपातातून, म्हणजे अवकाशातले दगड आदळून, झाल्याची खात्री पटलेली विवरे जगाच्या नकाशावर मांडली, तर एकूण टिंबे दोनशेच्या आसपास भरतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि स्वीडन-फिनलंड-एस्टोनिया या पट्ट्यात ती दाट दिसतात. ॲमेझॉनचे खोरे जवळजवळ कोरे आहे आणि महासागरही तसेच. अशनी जागा निवडून पडत नाहीत. त्यामुळे हा नकाशा अशनी कुठे पडले हे सांगत नाही; विवरे कुठे टिकली आणि माणसांनी ती कुठे शोधली, एवढेच सांगतो. प्रकल्पासाठी यातला एकच प्रदेश घ्यायचा असेल, तर निवड याच मुद्द्यावर करावी असे मला वाटते.

आधी कॅनडा. इथल्या ढालप्रदेशातला, म्हणजे खंडाच्या प्राचीन गाभ्यातला खडक अतिशय जुना आणि स्थिर, म्हणून आघातांच्या खुणा साठत गेल्या. सडबरीचे विवर सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीचे. पुढच्या भूहालचालींनी ते दाबून लंबगोल केले, आणि निकेल-तांब्याच्या खाणी आज तिथेच आहेत. मॅनिकुआगनचे कंकणाकृती सरोवर तर अवकाशातूनही ओळखू येते. शोधाची बाजूही इथे भक्कम आहे. ओटावाच्या डोमिनियन वेधशाळेतले कार्लाइल बील्स यांनी १९५०च्या दशकात हवाई छायाचित्रे पद्धतशीर तपासून विवरे हुडकायला सुरुवात केली. म्हणजे इथल्या दाटीत खडकाचा वाटा किती आणि शोधाचा किती, हा प्रश्न मुळातच विचारता येतो. क्लिअरवॉटरची दोन सरोवरे शेजारी-शेजारी असल्याने बराच काळ जुळी मानली गेली. वयमापनात मात्र पूर्वेकडचे सुमारे ४६ कोटी वर्षांचे निघाले आणि पश्चिमेकडचे सुमारे २९ कोटी. नुसत्या टिंबांवरून निष्कर्ष काढणाऱ्याने हे उदाहरण कायम लक्षात ठेवावे.

कॅनडाची अडचण हिमनद्यांची. त्यांनी विवरांचे काठ खरवडून नेले आणि लहान विवरे बहुतेक पुसून टाकली.

ऑस्ट्रेलियात नेमके उलटे आहे. कोरडे हवामान आणि संथ झीज यामुळे लहान विवरेही उघड्यावर शाबूत राहिली. १९४७ साली विमानातून दिसलेले वुल्फ क्रीक जेमतेम ९०० मीटर रुंद, तरी त्याचा काठ अजून ठळक आहे. गॉसेस ब्लफचे मूळ विवर सुमारे २२ किलोमीटरचे होते; आता मध्यभागी उसळून आलेल्या खडकाचे पाचेक किलोमीटरचे गोल कडेच उरले आहे. याराबुब्बाला तर विवराचा आकारही राहिलेला नाही. खनिजांवरच्या आघाताच्या खुणांवरून ते ओळखले गेले, आणि २०२०मध्ये त्याचे वय सुमारे २२३ कोटी वर्षे ठरले. झिजेच्या सगळ्या पायऱ्या एकाच खंडात पाहायच्या असतील, तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

बाल्टिक परिसरात स्वीडनमधले सिल्यान, फिनलंडमधले लाप्पायार्वी आणि एस्टोनियातले अवघ्या ११० मीटरचे काली अशी उत्तम उदाहरणे आहेत. पण पुष्कळ विवरे तळ्यांखाली किंवा गाळाखाली गेलेली. छिद्रण करून काढलेले खडकाचे नमुने वाचता येत नसतील, तर इथून सुरुवात करू नये.

समुद्रतळ तर विसराच. तो बहुतेक ठिकाणी २० कोटी वर्षांहून तरुण आहे आणि भूपट्टांबरोबर पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो.

विवराचा आकार आणि झीज हा विषय असेल तर ऑस्ट्रेलिया घ्या. वितरणच समजून घ्यायचे असेल तर मी कॅनडाच निवडेन, हिमनद्यांची अडचण धरूनही. फक्त तक्त्यात व्यास आणि वय यांचे रकाने वेगळे ठेवा आणि पाच किलोमीटरपेक्षा लहान विवरे स्वतंत्र मोजा. लहानांची संख्या अपेक्षेपेक्षा किती घटते, तेवढा बर्फाचा आणि झिजेचा हिशेब हाती लागतो.