सेलेनियम: गोळीतले की बांगड्यातले?

वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तेव्हापासून मी रोज सेलेनियम या खनिजाची 200 मायक्रोग्रॅमची गोळी घेत होतो. आता भिस्त म्हापशाच्या बाजारातल्या बांगड्यावर. तेव्हा माझे मत थोडे कललेले असणार, हे धरून वाचा.

गोळीची बाजू अगदीच पोकळ नाही. 1996 साली अमेरिकेतल्या क्लार्क यांच्या चाचणीत याच डोसने त्वचेचा कर्करोग काही टळला नाही, पण प्रोस्टेटचे रुग्ण कमी निघाले. लोक गोळ्यांकडे वळले ते त्यामुळे. पुढे ‘सिलेक्ट’ चाचणीत 35,000 हून अधिक पुरुष घेतले, आणि फायदा दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. ज्यांच्या अंगात सेलेनियम मुळातच भरपूर, त्यांच्यात गोळीने उग्र प्रोस्टेट कर्करोग वाढल्याचे 2014 मध्ये समोर आले. उपयोग झालाच तर कमतरता असलेल्याला, असा मी अर्थ लावला. रोज नुस्ते, म्हणजे मासे, खाणारा मी त्यात कुठे बसतो?

तरी गोळी सुटली ती या वाचनाने नव्हे. एकदा बायको म्हणाली, तुमच्या तोंडाला लसणीचा वास येतो. आमच्या हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, तेफळ पडते, लसूण नाही! मग भिंग घेऊन डब्या तपासल्या. मल्टिव्हिटॅमिनमध्ये सेलेनियम, केसगळतीच्या गोळीतही सेलेनियम, सगळे मुंगीएवढ्या अक्षरांत. बेरीज तीनशेच्या वर गेली. प्रौढाला दिवसाला 40 पुरतात. जास्त झाले की श्वासाला लसणीसारखा वास येतो, नखे तुटतात आणि केसही गळतात. म्हणजे केसांची गोळी केसांच्याच मुळावर! वास गोळ्यांचाच होता असे छातीठोक सांगत नाही, पण त्या बंद केल्यावर तो गेला, एवढे खरे.

बांगड्याची कटकट वेगळी. सोमवारी शिवराक (शाकाहार), श्रावण पाळायचा, जून-जुलैत ट्रॉलर बंद, मग सुक्या बांगड्यावर भागवायचे. शेजाऱ्यांच्या नाकाला त्रास. बांगड्याने कर्करोग टळतो असेही माझे म्हणणे नाही. रोजची गरज भागते आणि बेरीज करत बसावे लागत नाही.

मासे-अंडी काहीच न खाणाऱ्याला किंवा आतड्याच्या दुखण्याने अन्न अंगी न लागणाऱ्याला गोळी कदाचित लागेलही. ते डॉक्टरांनी ठरवावे. फक्त जाताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्याव्यात, केसांची धरून.