वारज्याला आम्ही तीन महिने उशिरा पोहोचलो

पुण्यात मुंबई-बंगळूर महामार्गालगत वारजे येथे असलेल्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरविषयी, म्हणजे कर्करोगासारख्या गंभीर आजारातले दुखणे आणि इतर त्रास कमी करणाऱ्या केंद्राविषयी लिहायचे, तर सुरुवात आमच्याच चुकीपासून करावी लागेल. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार होऊनही अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गालाचा कर्करोग उलटला, तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात आम्हांला "आता घरी न्या, सेवा करा" एवढेच सांगण्यात आले. सेवा म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणीच सांगितले नाही. वारज्याचे नाव एका शेजाऱ्यांकडून कळले होते. परंतु "तिथे न्यायचे म्हणजे आशाच सोडायची," असे आत्या म्हणाली आणि आम्ही बारामतीतच थांबलो. त्या तीन महिन्यांत अण्णांना एकही रात्र सलग झोप लागली नाही.

हे केंद्र 1997 पासून चालू आहे आणि तेथे रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. निघण्याच्या दिवशी माझा धाकटा भाऊ सवयीने बिलाची चौकशी करायला गेला आणि हात हलवत परत आला. रुग्णासोबत घरचे एक माणूस राहते, आणि माझ्या मते या जागेचे खरे वेगळेपण त्यातच आहे. मुंबईकरांच्या परिचयाचे, वांद्र्याला 1986 साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे अखेरच्या दिवसांचा निवारा म्हणून ओळखले जाते. वारज्याला मात्र दुखणे आटोक्यात आणून आणि घरच्यांना शिकवून रुग्णाला पुन्हा घरी पाठवण्यावर भर असल्याचा अनुभव आम्हांला आला. आत्याचा समज त्यामुळे पुरताच चुकीचा ठरला.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हांला बाजूला ठेवून प्रश्न थेट अण्णांनाच विचारले. बोलणे अस्पष्ट झाल्यामुळे अण्णा नातीची पाटी जवळ बाळगत असत. सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, या प्रश्नावर ते ठणका लिहितील असे मला वाटले होते. त्यांनी लिहिले, "वास". जखमेच्या वासामुळे ते पडवीत एकटे बसत, ताट वेगळे मागत आणि नात जवळ आली की तिला हाताने लांब करत, हे आम्ही रोज पाहत होतो आणि त्याला चिडचिडेपणा म्हणत होतो.

त्यावरचा उपाय पाहून मला स्वतःची लाज वाटली. मेट्रोनिडॅझोलच्या साध्या गोळ्या, ज्या जुलाबावर म्हणून कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात, बारीक कुटून ती पूड स्वच्छ केलेल्या जखमेवर टाकायची. सिस्टरांनी पहिल्या दिवशी ते करून दाखवले, दुसऱ्या दिवशी आईचा हात धरून करून घेतले आणि तिसऱ्या दिवसापासून त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. चार-पाच दिवसांत वास पुष्कळच उतरला. नळीतून पेज देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही, हेही आई तिथेच शिकली.

ठणक्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आई घाबरली. "अफूच ना ती शेवटी?" असे तिने विचारलेही. वेदनेसाठी मोजून दिलेल्या औषधाने माणूस सहसा व्यसनी होत नाही, खरा त्रास बद्धकोष्ठाचा होतो आणि म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत द्यायचे, असे डॉक्टरांनी तिला न कंटाळता दोनदा समजावले. दुखू लागल्यावर गोळी देण्याऐवजी दर चार तासांनी घड्याळ पाहून द्यायची आणि रात्री निजताना दुप्पट मात्रा द्यायची, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. तिसऱ्या रात्री अण्णा घोरले, आणि आई त्या आवाजाने जागी राहिली.

तक्रार आहे ती वारज्याबाहेरच्या व्यवस्थेविषयी. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सुलभ व्हावे म्हणून 2014 साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. तरीही आम्ही गावात ज्या ज्या दुकानांत विचारले तेथे नकारच मिळाला, आणि गोळ्यांसाठी भावाला चिठ्ठी घेऊन पुण्याच्या खेपा घालाव्या लागल्या.

घरी परतल्यानंतर अण्णा सात आठवडे होते. त्यांतील बरेच दिवस नात त्यांच्या खाटेवर बसून पाटीवर अक्षरे काढी आणि तिचा उलटा 'ळ' ते खडूने सुलटा करून देत.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी उपचार संपण्याची वाट न पाहता चौकशी करावी. जाताना तपासण्यांची संपूर्ण फाइल, चालू औषधे आणि एक कोरी वही न्यावी. पुढे घरी ज्याला प्रत्यक्ष करायचे आहे, त्याच माणसाला सोबत ठेवावे, आमच्याकडे आधी मी राहणार होतो, कारण मला इंग्रजी येते, पण सिस्टरांनी विचारले, "घरी ड्रेसिंग कोण करणार?" आणि त्याच दुपारी आई बॅग भरून आली.