पाहुणे आलेत, पोरं कंटाळलीत : विद्यापीठ, टाऊन हॉल की मांडरे संग्रहालय?

वन्सं सुट्टीला पुण्याहून कोल्हापूरला येतात. सोबत तेराची भाची आणि सात वर्षांचा भाचा, घरात आमच्या सासूबाई. अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे माझ्या तोंडाकडं बघतात. गेल्या काही वर्षांत हे लटांबर मी तीन ठिकाणी फिरवून आणलंय.

आधी शिवाजी विद्यापीठ. परीक्षेच्या कामाशिवाय तिथं कशाला जायचं, असं आपल्याकडं पुष्कळांना वाटतं. पण वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय तिथंच आहे. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते त्यांच्या ‘ययाति’ला. हा सगळा मामला वाचणाऱ्याचा. भाचीला मी आधीच सांगून ठेवलं होतं की म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली, तरी ते तोंडानं सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. मग ती एकेका वस्तूपाशी रेंगाळली. भाचा पाच मिनिटांत “चला ना मामी” करायला लागला. त्याचं समाधान बाहेर आहे: ८५३ एकरांचा परिसर, मुख्य इमारतीपुढचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा, झाडी आणि नशीब असलं तर मोर. तिथं पोरगं मोकळं सोडता येतं. मात्र चालणं फार, सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. शिवाय विद्यापीठाच्या सुट्ट्या वेगळ्या असतात. आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

टाऊन हॉल म्युझियम अगदी उलटं. शहराच्या मध्यात, सीपीआर हॉस्पिटलसमोर, रिक्षानं दारात उतरा. इमारत १८७२ ते १८७६ दरम्यान बांधलेली, उंच निमुळत्या छपरांची. भाच्याला ती भुताच्या बंगल्यासारखी वाटली आणि तो खूश झाला. आत जुन्या मूर्ती, शस्त्रं, आबालाल रहमान यांची चित्रं. पण खरी गंमत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या पोसायडनच्या छोट्या ब्राँझच्या मूर्तीत आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी आला कसा, असं पोरांना नुसतं विचारून बघा. रोमशी चाललेल्या जुन्या व्यापारापर्यंत गप्पा आपोआप जातात. दमलं की बाहेर बाग आहेच. लहान पोरं असतील तर मी डोळे झाकून इथंच नेईन.

राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे संग्रहालय म्हणजे त्यांचाच ‘निसर्ग’ बंगला. घराएवढी जागा, तासाभरात निवांत बघून होतं. सासूबाईंना मांडरे पडद्यावरचे राजबिंडे नायक म्हणूनच ठाऊक. त्या गेल्या ‘चंद्रकांत’ बघायला आणि अडकल्या त्यांच्या निसर्गचित्रांत. रंगाची पूड घासून चित्र काढायची त्यांची पावडर शेडिंगची पद्धत चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या पोरांनी जवळून बघावी. सात वर्षांच्या पोराला मात्र इथं आणू नका. हात लावू नको, पळू नको, एवढंच म्हणत बसावं लागतं.

पूर्वी यात चौथं नाव असायचं, खासबागेजवळचं केशवराव भोसले नाट्यगृह. बालनाट्य लागलं की प्रश्नच मिटायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर ते. खासबागेवरून जाताना अजून पोटात कालवतं.

यंदा वन्सं शनिवारी रात्री पोचतायत. रविवारी सकाळी मिसळ खाऊन टाऊन हॉल, ऊन उतरल्यावर सासूबाई आणि वन्सं मांडऱ्यांच्या बंगल्यात, तोवर भाचा माझ्याकडं. विद्यापीठ सोमवारी, कारण त्या दिवशी बाकीची दोन्ही बंद असतात. हे मला एकदा कुलपासमोर रिक्षातून उतरल्यावर कळलं होतं.