मोंबासा की मारांडू? कुरणासाठी गवत निवडताना

सुधारित गवत लावायचं म्हटलं की आधी विचारलं जातं, चारा किती निघेल? मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: गवत चरायला आलं की त्याच आठवड्यात जनावरं त्यात सोडणं आणि वेळेवर बाहेर काढणं तुम्हाला जमणार आहे का?

मोंबासा आणि मारांडू ही दोन्ही गवतं मूळची आफ्रिकेतली, पण या जाती ब्राझीलच्या एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेने प्रसारित केल्या. मारांडू ही ब्रॅकियारिया या चाऱ्याच्या गवताची जात १९८४ मध्ये आली, मोंबासा ही गिनी गवताची जात १९९३ मध्ये.

मोंबासा उंच, रुंद पानांचं, ठोंब धरणारं. जमीन कसदार असेल, निचरा चांगला असेल आणि स्फुरद-नत्र वेळेवर मिळत असेल, तर चाऱ्यात मारांडू त्याच्या जवळपास येत नाही. पण ते वाट पाहत नाही. साधारण ९० सेंमी उंचीला जनावरं आत सोडायची आणि ४०-५० सेंमी उरलं की बाहेर काढायची. आठवडाभर उशीर झाला तरी पानांपेक्षा काड्या वाढतात. मग जनावरं वरचे शेंडे खातात, बुंधे तसेच राहतात आणि पुढचा फुटवा त्या वाळक्या काड्यांतून वाट काढत येतो. म्हणून तारीख लिहून ठेवू नका, उंची मोजा. पावसात आणि थंडीत वाढीचा वेग सारखा नसतोच.

मारांडू २५-३० सेंमीला चरायला द्यायचं, १५ सेंमीवर थांबवायचं. पाळी दोन-चार दिवस चुकली तरी ते सावरतं. मध्यम जमिनीत भागतं, तण दाबतं. फेसात राहून रस शोषणाऱ्या किडीला ते चांगलं तोंड देतं, आणि त्याच गुणामुळे ते इतकं पसरलं. त्याची मोठी उणीव पाणी. जिथे पाणी तुंबतं तिथे मुळं कुजून ठिकठिकाणी गवत मरतं. मोंबासा थोडं जास्त सोसतं, तरी पाणथळ जागेत दोन्ही नकोत. तिथे पॅरा गवत बघा.

जनावर कोणतं, हेही पाहा. घोडे असतील तर गिनी गवत, म्हणजे मोंबासा, टाळा. त्यावर चरून पोटशूळ झाल्याची उदाहरणं आहेत. मेंढ्या असतील तर ब्रॅकियारियाबाबत, म्हणजे मारांडूबाबत, सावध राहा: त्यातल्या सॅपोनिन या घटकामुळे यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी भाजते, विशेषतः कोकरांची.

बी दोन्हींचं बारीक, १-२ सेंमीपेक्षा खोल पेरू नका. पहिली चराई हलकी ठेवा, आणि त्याआधी मूठभर गवत ओढून पाहा: मुळासकट हातात आलं तर अजून थांबा.

माझा कौल विचाराल तर रोज कुरण पाहणारं माणूस आणि कुंपणाचे छोटे भाग असतील तिथे मोंबासा. बाकी सगळीकडे मारांडू. शेत मोठं असेल तर सगळ्यात चांगल्या तुकड्यावर मोंबासा आणि उरलेल्यावर मारांडू, म्हणजे लक्ष ठेवायचं क्षेत्र आवाक्यात राहतं.